कोमट चहा

मे महिन्यात दुपारी दोनला जळगावच्या धावपट्टीचं डांबर
बुटाची टाच धरून ठेवतं.
पंखेवालं छोटं विमान, सत्तर खुर्च्या, आम्ही दोघी.
माझी अठ्ठाविसावी फ्लाइट.
बऱ्हाटे मॅडम मोजत नाहीत.
एकोणीस वर्षं, म्हणतात,
तेही कुणी फारच खोदून विचारलं तर.

"सायमा, चहा आज कोमट ठेव."
पुस्तकात तापमान लिहिलंय, मी म्हटलं.
त्यांनी मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं.
खाली एक डाग, केळीच्या काळ्या पडलेल्या सालीचा रंग.
घड्याळ परत जागेवर.
एवढंच प्रशिक्षण.

मी दारात उभी, सत्तर जणांना एकच नमस्कार.
मॅडम पायांकडे बघत होत्या:
कोण पायऱ्या सटासट चढतं,
कोण पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावतं.

अकरा डी. पारोळ्याच्या वेणूबाई.
चपला काढून सीटखाली, देवळाबाहेर ठेवतात तशा जोडीनं.
मांडीवर गाठोडं, सोडायला तयार नाहीत.
खिडकीला नातू, कानात यंत्र.
मी नियम सांगायला वाकले,
मॅडम मागून म्हणाल्या,
"पुढच्या सीटखाली ठेवू, आजी, तुमच्या अंगठ्याला लागेल असं.
म्हणजे कळत राहील, आहे ते."
गाठोडं लगेच सुटलं.

दहाव्या मिनिटाला अजिंठ्याच्या रांगेवर
तापलेली हवा खालून धडका द्यायला लागली.
पट्ट्याची खूण पेटली. मॅडम पुढच्या घडीच्या खुर्चीत, मी शेपटाकडे.
मी माइकवर, शिकवल्याप्रमाणे,
कृपया आसनस्थ राहावे. मग तेच इंग्रजीत.
वेणूबाई उभ्या राहिल्या.
एसटीला करतात तसा हात वर:
"थांबाड रे भो! गाडी थांबाड!"

पुढच्या माइकवर खरखर झाली.
आवाज चढला नव्हता, उलट ओसरीवर बसल्यासारखा खाली आला होता.
"बठ माय, बठ. वर बी खड्डा शेतस.
मी शे ना आठे."

बाई बसल्या. बसता बसता ओरडल्या,
"कोना गावनी व तू?"
"मायनं माहेर अमळनेर."
"कोना घरनं?"

आणि अकरा रांगांवरून, विमान आदळत असताना,
एका आजोळाचा शोध सुरू झाला:
आडनाव, गल्ली, कुणाची तरी दुसरी बायको,
तेलाच्या घाण्यावरचा एक काणा मामा.
सहा सीवरचा कापसाचा दलाल मध्येच म्हणाला,
तो तर गेला, दोन वर्षं झाली.
कुणी तरी हसलं. कुणी तरी चुकचुकलं.
हवा शांत झाली तेव्हाही नातं लागलं नव्हतं,
पण पट्टा कुणीच सोडला नव्हता.

मग आम्ही चहा दिला.
शेवटचा एक धक्का उरला होता, तो चौदाव्या रांगेत निघाला.
कप एका पोराच्या गुडघ्यावर उपडा.
पोरानं गुडघ्याकडे पाहिलं, बोट बुडवलं, चाटलं.

आठवड्यानं अभिप्राय आला. अकरा एफ, म्हणजे नातू.
"चहा गार. दोन तारे."
सोबत ऑफिसचं पत्र: पेयांच्या तापमानाकडे लक्ष द्यावे,
इतक्या अनुभवी कर्मचाऱ्याकडून ही अपेक्षा नव्हती.
न भाजलेल्या गुडघ्यासाठी
त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

मॅडमनी पत्राची घडी घातली.
"उद्या चिडते," म्हणाल्या. "आज वेळ नाही."
मग पर्समधून एक पिशवी काढली.
उतरताना वेणूबाईंनी कोंबलेली बिबडी,
आठ दिवसांत पार चुरा झालेली.
पायऱ्यांच्या गाडीच्या सावलीत उभ्या उभ्या
आम्ही तो चुरा खाल्ला. तीळ दाढेत अडकले.

समोर बस थांबली. माणसं उतरायला लागली.
मी पाय बघायला लागले,
मग आत पळाले,
आणि थर्मासचं झाकण
थोडं सैल करून ठेवलं.